धुलाईयंत्राचे दुकान आणि दिल्लीचे पाणी

दिल्लीतील जुने राजेंद्रनगर आणि मुखर्जीनगर या वस्त्यांत केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करण्यासाठी देशाच्या सर्व भागांतून तरुण मुलेमुली येऊन राहतात. महाराष्ट्रातून आलेल्यांची संख्याही त्यांत लक्षात येण्याजोगी असते. एका खोलीत दोघे किंवा तिघे, सामाईक न्हाणीघर, ठरावीक वेळीच येणारे नळाचे पाणी आणि वाळत घालण्यासाठी गच्चीवरील दोरीचा हातभर तुकडा, अशी तेथील राहणी. धुणे ही घरात कोणीतरी उरकून टाकायची बाब आहे अशी समजूत बरोबर घेऊन आलेल्या तरुणाला पहिल्या दोन आठवड्यांतच तिची खरी किंमत कळते. पहाडगंजच्या स्वस्त विश्रामगृहात उतरलेल्या प्रवाशाची किंवा नोएडा-गुरुग्राममधील उंच इमारतीत नव्याने संसार थाटणाऱ्या जोडप्याची अडचणही फारशी निराळी नसते. अशा लोकांच्या सोयीसाठी गेल्या काही वर्षांत दिल्ली आणि तिच्या परिसरात कपडे धुण्याच्या यंत्रांची दुकाने निघाली आहेत. त्यांना लाँड्रोमॅट असे म्हटले जाते.

नाव परदेशी असले तरी व्यवहार तेथल्यासारखा नाही. अमेरिकेत किंवा युरोपात गिऱ्हाईक आपले कपडे स्वतः यंत्रात घालते, नाणे टाकते, कळ दाबते आणि धुणे होईपर्यंत बाकावर वर्तमानपत्र वाचत बसते. दिल्ली परिसरात अशी स्वतः यंत्र चालवण्याची दुकाने थोडी. बहुतेक ठिकाणी कपड्यांचे गाठोडे तराजूवर ठेवले जाते, किलोच्या दराने पावती होते आणि यंत्र दुकानातील नोकर चालवतो. कपडे यंत्रातच वाळवून, घडी घालून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत मिळतात. इस्त्री हवी असल्यास तिचा आकार निराळा. गाठोडे देण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे इष्ट असते, तो म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाचे कपडे स्वतंत्र यंत्रात धुतले जातात की अनेकांचे एकत्र. चांगल्या दुकानात ते स्वतंत्रच धुतले जातात व तसे सांगितलेही जाते. उत्तर देताना नोकर घुटमळला तर दुसरे दुकान शोधावे.

सामाईक जागेत कपडे धुण्याच्या या पद्धतीचा उगम चैनीत नसून रोगराईत आहे. १८३२ मध्ये इंग्लंडातील लिव्हरपूल शहरात पटकीची साथ आली. तेथील गरीब वस्तीत राहणाऱ्या किटी विल्किन्सन या आयरिश बाईच्या घरी पाणी तापवण्याचे मोठे भांडे होते. रोग्यांची अंथरुणे-पांघरुणे उकळत्या पाण्यात धुण्यासाठी तिने आपले स्वयंपाकघर शेजाऱ्यांना मोकळे करून दिले. पटकीचा जंतू कोणता हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. परंतु मळकी अंथरुणे आणि साथ यांचा काही संबंध आहे हे त्या बाईने ओळखले होते. तिच्या खटाटोपातून १८४२ मध्ये लिव्हरपूलच्या फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक स्नानगृह व धुलाईघर उघडले गेले. १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून नगरपालिकांना अशी धुलाईघरे बांधण्याचा अधिकार दिला. विजेची यंत्रे पुढे बऱ्याच काळाने आली. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, फोर्ट वर्थ या शहरी १८ एप्रिल १९३४ रोजी चार विद्युत यंत्रे मांडून ती तासाच्या भाड्याने देण्यास प्रारंभ झाला. तो महामंदीचा काळ होता. यंत्र विकत घेण्याची ऐपत नसलेली कुटुंबे तासाभराचे भाडे मात्र देऊ शकत होती. लाँड्रोमॅट हे नाव त्यानंतरचे. ते मुळात वेस्टिंगहाउस कंपनीच्या यंत्राचे व्यापारी नाव होते.

भारतातील शहरांना अशा दुकानाची गरज इतकी वर्षे भासली नाही, याचे कारण परीट. महाराष्ट्रातील गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक होता आणि त्याच्या कामाचा मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने मिळत असे. हे काम जातीने बांधलेले होते, त्याला मान कमी होता आणि मोबदला त्याहूनही कमी, हे विसरता येत नाही. तरी त्या कामात पिढ्यान्‌पिढ्या साठलेले ज्ञानही होते. खारात भिजवलेले कपडे भट्टीवर चढवून त्यांना वाफ किती द्यायची, कोणते कापड दगडावर आपटायचे आणि कोणते नुसते खळबळून काढायचे, नीळ किती, खळ किती, हे परिटाला सांगावे लागत नसे. शहरांत आल्यावर नदीकाठची जागा नगरपालिकांनी बांधलेल्या धोबीघाटांनी घेतली. मुंबईत महालक्ष्मी स्थानकालगतचा घाट हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. दिल्लीत यमुनेच्या काठी आणि निरनिराळ्या वस्त्यांतील घाटांवर हेच काम चालत आले.

शेकडो घरांचे कपडे एकत्र मिसळूनही परिटाच्या हातून सहसा अदलाबदल होत नसे. त्यासाठी तो बिब्ब्याचा उपयोग करी. बिब्ब्याचा रस चुन्याबरोबर कापडाला लावला की काळी खूण उमटते आणि ती कितीही धुतली तरी जात नाही. प्रत्येक घराची खूण वेगळी. बिंदू, रेघा, फुल्या यांची ती एक लिपीच होती. बिब्बा अंगावर उततो हे महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक असते. परदेशी लोकांना ते ठाऊक नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात असलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर विचित्र पुरळ उठू लागले. १९४३ मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा पुरळाची जागा आणि कपड्यावरील परिटाच्या खुणेची जागा एकच असल्याचे आढळून आले.

आजच्या दुकानात बिब्बा नाही. क्रमांक छापलेली कापडी किंवा कागदी पट्टी असते. परिटाच्या इतर ज्ञानाची व्यवस्था मात्र इतक्या सहजासहजी लागलेली नाही. यंत्राला कापड ओळखता येत नाही. लोकर कोणती, सूत कोणते, रंग कच्चा की पक्का, डाग रक्ताचा की हळदीचा, हे ठरवण्याचे काम आता कपडे देणाऱ्याकडे आले आहे. दुकानातील नोकर दिवसाकाठी अनेक गाठोडी हाताळतो. त्याने प्रत्येक सदऱ्याची विचारपूस करावी अशी अपेक्षा धरणे व्यर्थ होय.

धुण्याची कला शिकावी लागते याचा एक सुपरिचित दाखला गांधीजींच्या आत्मकथेत आहे. दक्षिण आफ्रिकेत धोब्याचा खर्च वाचवण्यासाठी त्यांनी धुलाईवरील पुस्तक आणून अभ्यास केला. पहिल्याच वेळी कॉलरला खळ जास्त झाली आणि इस्त्री पुरेशी तापली नाही. ती कॉलर घालून ते न्यायालयात गेले तेव्हा तिच्यातून खळ गळू लागली आणि सहकारी वकिलांची करमणूक झाली. पुढे त्यांचा हात बसला. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत आले असता जोहान्सबर्ग येथील मेजवानीच्या वेळी त्यांच्या उपरण्याला इस्त्री करण्याचा प्रसंग आला. ते उपरणे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी दिलेले होते आणि गोखले ते जिवापाड जपत. वकील म्हणून गांधीजींवर पूर्ण विश्वास असलेल्या गोखल्यांना धोबी म्हणून त्यांच्याविषयी शंका वाटली, ती याच कारणाने. अखेर त्यांनी परवानगी दिली आणि काम पाहून समाधान व्यक्त केले.

या कलेमागील शास्त्र मोजक्या शब्दांत सांगता येते. हेन्केल या जर्मन कंपनीतील रसायनज्ञ हर्बर्ट झिनर यांनी १९५९ मध्ये धुलाईचे चार घटक मांडले: रसायन, उष्णता, घर्षण आणि वेळ. यांपैकी एक कमी केला तर दुसरा वाढवावा लागतो. परीट दगडावर कपडा आपटतो तेव्हा तो घर्षणाच्या जोरावर मळ काढतो. भट्टी लावतो तेव्हा उष्णतेच्या व खाराच्या जोरावर. समोरून दार असलेल्या यंत्रात कपडे फिरत्या पिंपासारख्या डब्याबरोबर वर जातात आणि पाण्यात पडतात, पुन्हा वर जातात, पुन्हा पडतात. दगडावरील आपटण्याचीच ही सौम्य आवृत्ती होय. डबा गच्च भरला तर कपड्यांना पडायला जागाच राहत नाही आणि ते नुसते ओले होऊन बाहेर येतात. सुती कपडे घातल्यावर डब्यात वरच्या बाजूला वीतभर जागा मोकळी राहावी, हे प्रमाण पुरेसे आहे. किलोच्या दराचा पुरेपूर मोबदला घ्यावा म्हणून एकाच फेरीत चादरी कोंबण्याचा आग्रह धरणारे गिऱ्हाईक स्वतःचेच नुकसान करून घेते.

पाचवा घटक झिनर यांनी वेगळा मोजला नाही, पण दिल्लीत तो मोजावाच लागतो. तो म्हणजे पाणी. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या सह्याद्रीतील जलाशयांचे आणि पुण्याला खडकवासल्याचे पाणी मिळते. हे पावसाचे साठवलेले पाणी मऊ असते व त्यात साबणाला लगेच फेस येतो. दिल्लीच्या नळांना यमुना, गंगा आणि भाक्रा धरण यांचे शुद्ध केलेले पाणी येते. परंतु ते सर्वत्र पुरत नाही आणि अनेक वसाहतींत, तसेच नोएडा व गुरुग्रामच्या पुष्कळ भागांत, कूपनलिकेचे पाणी त्यात मिसळले जाते किंवा केवळ तेच वापरले जाते. भूगर्भातील या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. साबण या क्षारांशी संयोग पावून दह्याच्या कवडीसारखा चिकट साका तयार करतो. तो कापडाच्या धाग्यांत बसतो. म्हणून मुंबईहून आणलेले पांढरे सदरे दिल्लीत चार-सहा महिन्यांत राखाडी दिसू लागतात आणि टॉवेल खरखरीत होतात. दोष धुणाराचा नसतो. डिटर्जंट पावडरीत क्षारांना बांधून ठेवणारे पदार्थ घातलेले असल्यामुळे ती जड पाण्यात साबणापेक्षा चांगली चालते. स्वतः यंत्र चालवायचे असेल तर पाकिटावर जड पाण्यासाठी दिलेले प्रमाण पाहावे आणि वडी-साबण घरीच ठेवावा. दुकानात धुवायला देताना तेथे पाणी मऊ करण्याचे उपकरण बसवले आहे काय, हे विचारण्यात संकोच करू नये. दरातील फरकापेक्षा हा फरक मोठा असतो.

फेस अधिक तर स्वच्छता अधिक, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. जाहिरातींनीही ती जोपासली. वास्तविक फेस हा हवेचा पडदा असतो. समोरून दार असलेल्या यंत्रात फेस जास्त झाला की कपडे त्यावर अलगद पडतात, आपटत नाहीत आणि मळ निघत नाही. शिवाय जादा पावडर एका-दोन फेऱ्यांच्या पाण्याने निघून जात नाही. ती कापडात राहते आणि घामाबरोबर विरघळून काखेत, मानेवर, कमरपट्ट्याखाली खाज सुटते. दिल्लीच्या उन्हाळ्यात त्वचेच्या तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी कपडे एकदा नुसत्या पाण्यात धुऊन पाहणे शहाणपणाचे ठरते. पाणी फेसाळले तर कारण हाती लागले.

हाच फेस पुढे कोठे जातो हे दिल्लीकरांना दरवर्षी दिसते. पावसाळा सरल्यावर नदीचा प्रवाह मंदावतो आणि कालिंदी कुंजजवळ, ओखला बंधाऱ्याखाली, यमुनेवर पांढऱ्या फेसाचे थर पसरतात. छठपूजेला नदीत उतरलेल्या स्त्रिया त्या फेसात उभ्या असल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. शुद्ध न केलेल्या किंवा अर्धवट शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून डिटर्जंटमधील फेसकारक द्रव्ये व फॉस्फेट नदीत येतात आणि बंधाऱ्यावरून पाणी कोसळताना ते घुसळले जाऊन फेस होतो. वझिराबाद ते ओखला हा सुमारे २२ किलोमीटरचा टप्पा यमुनेच्या १३७६ किलोमीटर लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे, पण नदीच्या एकूण प्रदूषणाचा सुमारे तीन-चतुर्थांश भार याच टप्प्यात पडतो असे मानले जाते. जून २०२१ मध्ये दिल्लीत भारतीय मानकांत न बसणाऱ्या साबण व डिटर्जंटच्या विक्रीवर, साठवणुकीवर आणि वाहतुकीवर बंदी घालण्यात आली. फेस त्यानंतरही दिसत राहिला, कारण केवळ पावडर बदलून सांडपाण्याचा प्रश्न सुटत नाही. तथापि दुकानातील यंत्रात ओतलेला जादा चमचा याच वाटेने जातो, हेही तितकेच खरे.

पाण्याच्या बाबतीत यंत्राची बाजू बरी आहे. समोरून दार असलेल्या यंत्राला सहा-सात किलो कपड्यांच्या एका फेरीसाठी साधारण ५० ते ६० लिटर पाणी लागते. वरून झाकण असलेल्या यंत्राला त्याच्या दुपटीच्या आसपास. टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत हा फरक किरकोळ नाही.

आता उष्णतेविषयी. रक्त, दूध, अंडे यांचे डाग गरम पाण्यात घातले की त्यांतील प्रथिने गोठून धाग्याला चिकटतात. ते डाग आधी थंड पाण्यातच काढले पाहिजेत. तेलकट डागाचे याच्या उलट. हळदीचा स्वभाव या दोहोंहून वेगळा आहे. साबणाच्या खाराने पिवळा डाग एकाएकी लाल होतो आणि नवखा माणूस घाबरतो. खार धुतला गेल्यावर तो पुन्हा पिवळा दिसतो. हळदीतील रंगद्रव्य प्रकाशाने नष्ट होते, म्हणून उन्हात वाळवलेल्या कपड्यावरील डाग दोन-तीन धुण्यांत फिका पडतो. वाळवणीच्या यंत्रात ऊन नसते, केवळ उष्णता असते, आणि तिने डाग अधिकच पक्का बसतो. वरण सांडलेला सदरा या कारणासाठी गाठोड्यातून बाजूला काढून गच्चीवर टाकावा.

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात घुसळले की हे खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून लहान मुलाच्या मापाचा होतो; तो परत ताणून पूर्ववत होत नाही. दिल्लीच्या थंडीसाठी मुद्दाम घेतलेला स्वेटर पहिल्याच धुण्यात गमावणारे पुष्कळ असतात. दिल्ली हाटमध्ये किंवा जनपथावर घेतलेल्या बांधणीच्या आणि हातछपाईच्या कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून पाहावा. रंग उतरला तर ते कापड यंत्राचे नव्हे. पैठणी आणि जरीचे कोणतेही वस्त्र तर यंत्राजवळही नेऊ नये. तयार कपड्यांच्या आतील पट्टीवर चिन्हे छापलेली असतात. पाण्याच्या टबात लिहिलेला आकडा म्हणजे पाण्याचे कमाल तापमान, टबात हात म्हणजे हातानेच धुणे, चौकोनात वर्तुळ म्हणजे यंत्रात वाळवणे, आणि कोणत्याही चिन्हावर फुली म्हणजे मनाई. दुकानात गाठोडे बांधण्यापूर्वी ही चिन्हे पाहण्यास पाच मिनिटे लागतात. खिसे तपासण्यास आणखी दोन. विसरलेला कागदी रुमाल संपूर्ण फेरीवर पांढरा कीस पसरवतो.

एका बाबतीत मात्र वाळवणीच्या यंत्राला पर्याय नाही. वसतिगृहांत आणि स्वस्त विश्रामगृहांत ढेकूण असतात व ते पिशवीतून घरी येतात. थंड पाण्याने ते मरत नाहीत. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतल्याने किंवा वाळवणीच्या यंत्रात कडक उष्णतेवर अर्धा तास ठेवल्याने ढेकूण व त्यांची अंडी दोन्ही नष्ट होतात. प्रवासाहून परतलेल्याने कपडे खोलीत न उलगडता बंद पिशवीतूनच दुकानात न्यावेत आणि रिकामी पिशवीही परत आणू नये.

एरवी ही वाळवणी महाग पडते. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे ०.६३ युनिट इतकी ऊर्जा लागते. हा निसर्गाचा नियम असल्यामुळे त्यात घासाघीस चालत नाही. पाच किलो सुती कपडे यंत्रात वेगाने पिळले तरी त्यांत अडीच लिटर पाणी शिल्लक राहते. म्हणजे दीड युनिटाहून अधिक ऊर्जा केवळ वाफेवर खर्च होते, आणि यंत्राची गळती धरून प्रत्यक्ष खर्च बराच वाढतो. मे महिन्यात दिल्लीच्या गच्चीवर हेच काम तासाभरात फुकट होते. मात्र धुळीचे वादळ आले तर धुतलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात. नोव्हेंबरमध्ये धुरकट हवेतील काजळी दोरीवरच्या कपड्यांवर बसते. डिसेंबर-जानेवारीतील धुक्याच्या दिवसांत जीनची पँट तीन दिवस ओलसर राहते आणि तिला कुबट वास सुटतो. धुलाईयंत्राच्या दुकानाचा खरा हंगाम हाच. उन्हाळ्यात कपडे दुकानात फक्त धुऊन व पिळून घ्यावेत आणि वाळवणे गच्चीवर सोपवावे; थंडीत दोन्ही कामे दुकानातच करावीत. वर्षभर एकच पद्धत ठेवणे म्हणजे विनाकारण पैसे भरणे.

वाळवणीच्या यंत्रातून निघालेले कपडे गरम असतानाच झटकून घडी घातले तर त्यांना सुरकुत्या कमी पडतात. ढीग करून ठेवले तर त्यांची वाट प्रेसवाल्याकडेच जाते. दिल्लीच्या वसाहतींत झाडाखाली मांडलेल्या गाडीवर त्याची कोळशाची जड इस्त्री असते. काहींनी आता गॅसवर तापणारी इस्त्री घेतली आहे. कोळशाच्या इस्त्रीला तापमानाची खुंटी नसते. प्रेसवाला ओल्या हाताचे शिंतोडे तिच्यावर उडवतो आणि ते कसे चुरचुरतात यावरून सूत आधी की रेशीम आधी हे ठरवतो. कृत्रिम धाग्याचा सदरा सुती सदऱ्यांच्या गठ्ठ्यात असेल तर तेवढा त्याला आधी दाखवून वेगळा काढून द्यावा.